धुण्याआधीचं वजन

पीएच.डी.ची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, दुपारी तीनला होती. सकाळी सव्वानऊला ताईच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती धाकटीला समोर बसवून स्लाइड्स मोठ्याने वाचून घेत होती.

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत, वयाने मोठे असलेलेही. कुठलं झाकण कुठल्या डब्याला बसतं, कुठल्या ओव्हनचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, हे सहा वर्षांनंतर फक्त तिलाच ठाऊक होतं. धाकटी दीड वर्षापूर्वी आली. ताईपेक्षा ती तीनच वर्षांनी लहान होती, पण एक ताई असताना दुसरीला काय म्हणणार?

दोघींचा विषय एकच होता, वीज साठवणं. बॅटरीत वीज भरपूर मावते, पण ती भरायला वेळ लागतो. सुपरकपॅसिटर मिनिटभरात भरतो, पण त्यात मावतं थोडं. ते जास्त मावावं म्हणून निकेलच्या राखाडी, स्पंजासारख्या जाळीवर निकेल-कोबाल्ट सल्फाइडच्या सुया उगवायच्या, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या बारीक. या जाळीला फोम म्हणत. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा भट्टीतून बाहेर आला की काळं मखमल चढवल्यासारखा दिसे. मग तो विजेला जोडून मोजायचा आणि आलेल्या मापाला सल्फाइडच्या वजनाने भागायचं. एका ग्रॅममध्ये किती मावलं, हा एकच आकडा शेवटी लोक विचारत. इतरांचा हजाराच्या आसपास यायचा. ताईचा दोन हजार चारशे साठ होता.

धाकटीचा कधी एक हजार पन्नासच्या वर गेला नाही. तेच सामान, तीच भट्टी, तेच तास. मॅडम, म्हणजे दोघींच्या गाइड, आधी म्हणाल्या, हात बसायला वेळ लागतो. मग म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. गेल्या आठवड्यात त्यांनी धाकटीला सांगितलं, की पुढच्या महिन्यापासून तिला दुसरा विषय देणार. म्हणजे दीड वर्ष पाण्यात.

ताईपुढे मात्र एकच तारीख होती. तिचा नवरा दोन वर्षं दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तिथल्याच एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली होती, पण पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: एक तारखेपर्यंत पदवी मिळालेली हवी, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आज सत्तावीस तारीख, गुरुवार.

"स्लाइड चौदा," धाकटी वाचत होती. "'फोम तीव्र ॲसिडमध्ये तीस मिनिटं धुऊन, वाळवून, त्याचं वजन करण्यात आलं.' बरोबर. ताई, एक विचारू? धुतल्यावर तुम्ही तो वाळवता किती वेळ? मी एक तास वाळवते, तरी काट्यावर ठेवला की आकडा दोन मिनिटं खाली खाली सरकत राहतो."

"काट्यावर कशाला ठेवतेस?"

"वजन करायला."

"वजन सोमवारीच झालेलं असतं ना. लिफाफ्यावर लिहिलेलं."

"ते धुण्याआधीचं."

"हो, मग?"

धाकटी हसली. मग तिचं हसू मध्येच थांबलं. "ते मी धरतच नाही, ताई. मी धुऊन, वाळवून, मग वजन करते. पुढच्या सोमवारी काटेवाले काका साडेआठला दार उघडतात, तेव्हाच जाऊन येते. तुमच्या पेपरात तसंच लिहिलंय."

ताईने चौदावी स्लाइड पुन्हा वाचली.

पाच विभागांत मिळून मिलिग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा एकच वजनकाटा होता आणि प्रत्येक विभागाला एक वार ठरवून दिला होता. यांचा सोमवार. म्हणून ताईने पहिल्याच वर्षी पद्धत पाडली होती: सोमवारी आठवड्याभराचे तुकडे कापायचे, तोलायचे, एकेका लिफाफ्यात घालून वर वजन लिहायचं. मग ज्या दिवशी प्रयोग त्या दिवशी लिफाफा फोडायचा, तुकडा धुवायचा आणि थेट भट्टीच्या डब्यात टाकायचा. तेव्हा धुणं म्हणजे सौम्य ॲसिडमध्ये पाच मिनिटं बुचकळणं. त्याने वजनात काय फरक पडणार?

तिसऱ्या वर्षी सल्फाइडचे पोपडे निघायला लागले. फोमवर चढलेलं काळं मखमल पाण्यात बुडवलं की गळून पडायचं. तेव्हा ताईने ॲसिड तीव्र केलं, पाच मिनिटांची तीस केली आणि ॲसिडचं भांडं ज्या बाथमध्ये ठेवायचं त्याची कंपनंही सुरू केली. पोपडे थांबले. आणि आकडा हजारावरून उडी मारून अडीच हजाराला भिडला. मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना आईस्क्रीम दिलं होतं. पृष्ठभाग खरवडल्याने पकड सुधारली, पकड सुधारल्याने आकडा वाढला, असं ताईने लिहिलं. पद्धतीचं वाक्य मात्र तिने जगात सगळे लिहितात तसं लिहिलं: धुऊन, वाळवून, वजन करून. ते लिहिताना आपण तसं करतो का, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "तीस मिनिटांत ॲसिड फोमच खात असेल तर..."

"कळलं."

कढई घासण्याआधी तोलायची. मग घासता घासता तिचं बूडच झिजवायचं. मग तिच्यात पीठ घालून पुन्हा तोलायची आणि दोन वजनांची वजाबाकी करून म्हणायचं, एवढं पीठ. जेवढं बूड झिजलं तेवढं पीठ कमी भरणार. सल्फाइड कमी भरलं की भागाकार मोठा येणार. किती मोठा, ते बूड किती झिजलं त्यावर.

"कदाचित अगदी थोडं खात असेल," धाकटी म्हणाली.

"कदाचित." ताई उठली. लिफाफ्यांच्या खणात सोमवारचे तीन उरले होते. 36.42, 36.07, 35.90 मिलिग्रॅम. आकडे तिच्याच अक्षरात होते, प्रत्येकाखाली छोटी रेघ मारलेली. "फ्यूमहूडचा पंखा लाव. घड्याळ लाव. तीस म्हणजे तीसच."

बाथ गुणगुणायला लागला. चिमुकल्या बुडबुड्यांचे धागे तुकड्यांतून वर येत होते आणि स्वच्छ ॲसिड हळूहळू हिरवट होत होतं. हा हिरवा रंग ताईने तीन वर्षं पाहिला होता. विरघळलेलं निकेल हिरवं दिसतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ती नेहमी तेव्हा पुढचं द्रावण बनवण्यात गुंतलेली असे.

"आपण हे रोज बघतो," धाकटी म्हणाली.

"बघत होतो कुठे?"

धुऊन, पाण्यातून काढून, अल्कोहोलमधून काढून तुकडे व्हॅक्यूम ओव्हनमध्ये गेले तेव्हा साडेदहा वाजले होते. साडेअकराला ते वाळले. आणि मग खरी अडचण सुरू झाली, कारण तो गुरुवार होता.

काट्याची खोली शेजारच्या इमारतीत, तळमजल्यावर. खिडक्या बंद, पंखा नाही, दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत काटा. तो सांभाळणाऱ्यांना सगळे काटेवाले काका म्हणत. त्यांनी दार वीतभरच उघडलं.

"गुरुवार," ते म्हणाले.

"काका, तीन तुकडे आहेत. दहा मिनिटं."

"तुमचा वार कुठला?"

"सोमवार."

"मग सोमवारी ये. आज गोळ्यावाल्यांचा वार." आत औषधनिर्माण विभागाची दोन माणसं पांढऱ्या पुड्या तोलत होती. "एकाला सोडलं की उद्या सगळे दारात उभे राहतील, गुरुवारी सोमवार मागायला."

"सोमवारी मला काही उपयोग नाही. माझी आज व्हायव्हा आहे. तीनला."

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "व्हायव्हाच्या दिवशी वजन? वऱ्हाड दारात आणि तू मुलगा बघायला निघालीस?"

धाकटीला हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं. ताईला आलं नाही. हातातली तुकड्यांची काचेची बशी तिने दोन्ही हातांनी पुढे केली. काकांचं लक्ष बशीकडे गेलं.

"एवढं काय आहे त्यात?"

"मी चुकलेय का, ते आहे."

"आणि नसलीस तर?"

"तर तुमचे पाय धरीन."

"पाय नको, खोलीत धूळ होते." त्यांनी मागे वळून पाहिलं. "गोळ्यावाले एकला जेवायला जातात. एक ते सव्वा. आत बोलायचं नाही. श्वास सोडायचा तो बाहेर जाऊन."

म्हणजे आणखी दीड तास. दोघी बाहेरच्या पायरीवर बसल्या. ताईने बशी मांडीवर धरली होती, ऊन लागू नये म्हणून वर रुमाल. मध्ये एकदा मॅडमचा निरोप आला: परीक्षक पोचलेत, तू कुठे आहेस? 'येते' असं ताईने लिहिलं. तेवढा एकच शब्द लिहायला तिला तीन खेपा लागल्या.

"नाही केलं तर?" धाकटी म्हणाली. तिची नजर समोरच्या कुंपणाकडे होती. "म्हणजे, वजन. तुकडे टाकून देऊ. सोमवारी करू. आज तुम्हाला काही माहीतच नाही."

"आणि तुझा विषय?"

"माझा विषय गेलाच आहे."

"तू हे मला उपकार म्हणून देतेयस की मी काय म्हणते ते बघतेयस?"

धाकटीने थोडा विचार केला. "दोन्ही," ती म्हणाली.

एकला काकांनी दार उघडलं. ताई काट्यासमोर बसली. चिमट्याने पहिला तुकडा काचेच्या पेटीत ठेवला, दार सरकवलं, हात मांडीवर घेतले. आकडे धावले, अडखळले, मग खाली सरकत सरकत थांबले. 35.24.

लिफाफ्यावर 36.42.

तिने खालच्या आवाजात विचारलं, "काका, काटा बरोबर आहे ना?"

"माझा काटा?" काका कुजबुजले, पण त्या कुजबुजीतही त्यांचा अपमान झालेला ऐकू आला. त्यांनी खणातून डबी काढली, चिमट्याने प्रमाणित वजन उचलून पेटीत ठेवलं. शेवटच्या अंकापर्यंत बरोबर. "काट्याला विचारू नये," ते म्हणाले. "त्याने काय कुणाचं खाल्लंय?"

दुसरा तुकडा 34.83. तिसरा 34.71. सरासरी एक पूर्णांक दोन मिलिग्रॅम ॲसिडने खाल्लेलं. ज्या सल्फाइडचं वजन ती आजवर पॉइंट अठ्ठ्याऐंशी धरत आली होती, ते खरं दोन पूर्णांक शून्य आठ होतं. भागाकार करायला तिला कागद लागला नाही, तरी तिने लिफाफ्याच्या पाठीवर तो केला. एक हजार एक्केचाळीस.

धाकटीने वाकून वाचलं. तिने बोट त्या आकड्याजवळ नेलं, पण लावलं नाही. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही, कारण आत बोलायचं नव्हतं.

मॅडम त्यांच्या खोलीत परीक्षकांची फाइल लावत होत्या. पावणेदोन. ताईने लिफाफा टेबलावर ठेवला आणि चार वाक्यांत सांगितलं. मॅडमनी आकडे वाचले, चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचले.

"तीन तुकडे," त्या म्हणाल्या.

"तिन्हींचं सारखं आहे."

"अगं, पण तीनच. तीन तुकड्यांवरून तू तीन वर्षांचं काम फिरवणार? आज, आत्ता?"

"एक्केचाळीस नमुने याच पद्धतीने झालेत, मॅडम. चौथं आणि पाचवं प्रकरण पूर्ण. दोन पेपर."

"मला माहितीय किती पेपर. त्यावर माझंही नाव आहे." मॅडम उठून दार लावून आल्या. "हे बघ. तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. जे लिहिलंय ते मांड. पदवी घे, जागेवर रुजू हो. मग दोघी मिळून व्यवस्थित, वीस-पंचवीस तुकड्यांवर तपासू आणि पेपरला दुरुस्तीपत्र काढू. लोक काढतात. त्यात काही लाज नाही."

"जे लिहिलंय तेच चूक आहे ना. 'धुऊन वजन केलं' असं लिहिलंय. मी केलं नाही."

"ते वाक्य सगळेच लिहितात."

"धाकटी तसं करतेही."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. त्या घाबरलेल्या ताईने कधी पाहिल्या नव्हत्या. त्या रागावल्या की आवाज चढवत, तो आता चढत नव्हता.

"मी पुढे ढकलू शकते," त्या म्हणाल्या. "तू आजारी आहेस म्हणून सांगते. तशी दिसतेयसही."

"पुढे ढकललं तर एक तारीख जाते."

"आणि सांगितलंस तर?"

"तरी जाते."

"मग ढकललेलं काय वाईट?"

"आज ढकललं तर पुढच्या तारखेलाही ढकलावंसं वाटेल."

मॅडमनी लिफाफा तिच्याकडे सरकवला. "निर्णय तुझा. मी तुला बुडवणार नाही, आणि वाचवायलाही येणार नाही. एवढंच सांगते: तो माणूस पद्धतीवर प्रश्न विचारत नाही. मी त्याच्या चार व्हायव्हा पाहिल्यात. तू स्वतः बोलली नाहीस तर विषय निघणार नाही."

हे ऐकायला नको होतं, असं ताईला वाटलं.

अडीचला ती हॉलच्या बाहेर उभी असताना नवऱ्याचा फोन आला. "झाली तयारी? मी इथे घर बघून आलो, दोन खोल्या आणि एवढंसं स्वयंपाकघर, पण खिडकी पूर्वेला आहे. घरवाला म्हणतो, बाई काय करतात? म्हटलं, डॉक्टर आहेत, पण औषध मागू नका."

"अजून झाले नाही डॉक्टर."

"अडीच तासांत होशील. आवाज असा का येतोय?"

"घसा कोरडा पडलाय."

"पाणी पी," तो म्हणाला. "आणि घाई करू नकोस. तू घाई केलीस की शेपूट गिळतेस वाक्यांची."

ती पाणी प्यायली. तिने त्याला काहीही सांगितलं नाही. तिचं तिलाच अजून ठरवता आलं नव्हतं.

बाहेरून आलेले परीक्षक किरकोळ अंगाचे होते आणि इतक्या हळू बोलायचे की ऐकण्यासाठी सगळा हॉल गप्प बसे. समोर ते, शेजारी विभागप्रमुख, त्यांच्या पलीकडे मॅडम. मागे विभागातली वीसेक माणसं, कोपऱ्यात धाकटी. ताईने सुरुवात केली. पहिली तीन प्रकरणं तिने सरळ मांडली. त्यांत काही खोट नव्हती, त्यामुळे आवाजही नीट लागला. मग चौदावी स्लाइड आली आणि तिने ती इतक्या भरभर पुढे सरकवली की कुणाला वाचताही आली नसती. मग आलेख. मग शेवटची स्लाइड. टाळ्या.

परीक्षकांनी चार सोपे प्रश्न विचारले. मग प्रबंधाचं एक पान उघडून त्यावर तळहात ठेवला.

"मला एक गंमत वाटली," ते म्हणाले. "ॲसिड तीव्र केल्यावर तुमचा आकडा जवळजवळ अडीचपट झाला. याचं श्रेय तुम्ही पकडीला देता. पकड चांगली असेल तर आकडा टिकेल, हे समजतं. पण वाढेल कसा? तेवढं सांगा."

उत्तर तयार होतं. सहा महिन्यांपूर्वी मॅडमबरोबर बसून ते तिने घासूनपुसून ठेवलं होतं.

"खरवडलेल्या पृष्ठभागामुळे सल्फाइड आणि निकेल यांच्यातला संपर्क सुधारतो," ताई म्हणाली. तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू येत होता. "त्यामुळे आतला रोध कमी होतो. आणि आधी ज्या सुयांपर्यंत वीज पोचत नव्हती, त्याही कामाला लागतात."

"हं," परीक्षक म्हणाले. "पटण्यासारखं आहे." त्यांनी पान उलटलं.

झालं होतं. मॅडमचे खांदे थोडे खाली आले. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. परीक्षक पुढच्या पानावर बोट फिरवत होते, आणि ताईला त्या बोटाखालचा तक्ता उलटा असूनही वाचता येत होता: एक्केचाळीस ओळी, शेवटचा रकाना दोन हजारांच्या वर.

"सर, पान उलटू नका," ती म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं.

"मी आत्ता दिलेलं उत्तर चूक आहे. तो आकडा वाढलेलाच नाही."

ताई फळ्याकडे गेली. खडू हातात मोडला, तिने दुसरा घेतला. तीन ओळी लिहिल्या: धुण्याआधी, धुतल्यावर, फरक. खाली भागाकार. बोलताना ती वाक्यांची शेपटं गिळत होती, म्हणून परीक्षकांनी दोनदा थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं.

"हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"आज सकाळी सव्वानऊला."

मागे कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं.

"कसं कळलं?"

"तिच्यामुळे." ताईने कोपऱ्याकडे हात केला. "ती मी लिहिलेल्या पद्धतीने काम करते. मी करत नव्हते. तिचा आकडा पहिल्यापासून बरोबर होता."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. धाकटी भिंतीला इतकी चिकटली की तिच्या पाठीला चुना लागला असणार.

परीक्षक मॅडमकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पावणेदोनपासून," मॅडम म्हणाल्या.

"तरी व्हायव्हा होऊ दिलीत."

"बोलायचं की नाही ते तिच्यावर सोडलं होतं." "बोलू नये असं मी सुचवलं होतं. तेही लिहून घ्या हवं तर."

परीक्षकांनी काही लिहिलं नाही. ते फळ्याकडे पाहत बसले. मग त्यांनी विचारलं, "'धुऊन, वाळवून, वजन केलं.' हे वाक्य कुठून घेतलंत?"

"सगळेच असं लिहितात, सर."

"मीही लिहितो," ते म्हणाले, आणि खिशातून छोटी वही काढून त्यात स्वतःसाठी काहीतरी टिपून घेतलं.

सगळ्यांना बाहेर काढलं. दार पंचवीस मिनिटं बंद होतं. व्हरांड्यात लोक ताईपासून दोन हात लांब उभे राहिले, आजारी माणसापासून राहावं तसे. दोघांनी तिच्या पाठीवर थोपटलं. एक सहकारी म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं का?" त्यात टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

दार उघडलं. पहिली तीन प्रकरणं मान्य. चौथं आणि पाचवं नव्या नमुन्यांवर पुन्हा करायचं, दोन्ही पेपरना दुरुस्ती कळवायची, आणि फेरव्हायव्हा चार महिन्यांच्या आत नाही. विभागप्रमुखांनी हे वाचून दाखवलं. परीक्षक तिच्याशी हात मिळवून म्हणाले, "एक हजार एक्केचाळीस हा काही वाईट आकडा नाही." मग त्यांना गाडी गाठायची होती.

मॅडम बाहेर आल्या आणि ताईला ओलांडून धाकटीसमोर उभ्या राहिल्या. "आजवर किती तुकडे धुऊन तोललेस तू?"

"सत्तावन्न."

"वजनं आहेत?"

"सगळी. आधीचीही आहेत, लिफाफ्यांवर."

"तक्ता करून उद्या दहाला घेऊन ये. विषय बदलायचं राहू दे." दोन पावलं गेल्यावर त्या वळल्या. "दुरुस्तीपत्रावर पहिली सही तुझी." मग त्या निघून गेल्या, नेहमीपेक्षा हळू.

नवऱ्याचे चार फोन येऊन गेले होते. ताई जिन्याच्या वळणावर बसली आणि तिने लावला.

"डॉक्टरबाई!" तो ओरडला.

"नाही रे."

तिने सगळं सांगितलं.

"तुला आजच सापडायचं होतं?" तो म्हणाला.

"मला कुठे सापडलं? तिला सापडलं."

"त्यांनी पान उलटलं होतं म्हणालीस."

"हो."

"उलटलं होतं, आणि तू म्हणालीस उलटू नका."

"हो."

पलीकडून एक ट्रक गेल्याचा आवाज आला, मग कुणीतरी कुणाला हाक मारल्याचा. "मी प्रचंड रागावलोय," तो म्हणाला. "आणि नीट रागावताही येत नाहीये. म्हणजे, ओरडायचं तर काय म्हणून ओरडू? दोन वर्षं झाली. अजून चार महिने, मग नवीन जागा निघेल तेव्हा, निघाली तर. मी धरून चाललो होतो. भांडीसुद्धा बघून ठेवली होती."

"मला माहितीय."

"नाही, तुला नाही माहीत. तू दिवसभर मला काही बोलली नाहीस. अडीचला बोलली नाहीस."

"अडीचला मला माहीत नव्हतं मी काय करणार."

"तेच सांगायचं होतं मग," तो म्हणाला. "माहीत नाहीये, एवढंच."

ती जिन्याच्या कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिली.

"आता काय करणार?" त्याने विचारलं.

"संस्थेला पत्र. मी एक तारखेला येऊ शकत नाही म्हणून. आजच कळवलं तर यादीतल्या पुढच्या माणसाला तयारीला चार दिवस मिळतील."

"कोण आहे पुढचा?"

"माहीत नाही."

"त्याची आज चांगलीच लॉटरी लागली," तो म्हणाला आणि नाक ओढलं. "लिही. मी ठेवत नाही फोन. काही बोलायला नको, तू लिही फक्त."

तिने फोन पायरीवर ठेवला, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि लिहायला घेतलं. पत्र पाच ओळींचं झालं. कारण लिहिताना 'काही अपरिहार्य अडचणींमुळे' असं आधी लिहिलं गेलं, ते तिने पुसलं आणि काय झालं ते लिहिलं. पाठवलं तेव्हा साडेपाच वाजत आले होते. पलीकडे तो अजून होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मधूनमधून रस्ता.

"गेलं?" त्याने विचारलं.

"गेलं."